चौथा चतकोर

गुरुवारी साडेचारला दवाखान्याच्या मागच्या खोलीत
आम्ही सातजणी बसतो, बिनहातांच्या खुर्च्यांवर.
हातवाल्या खुर्च्या बास्तियाननं आधीच बाहेर नेऊन ठेवलेल्या असतात.
त्यावर कुणी बोलत नाही, पण मी पाहिलंय.
तो सांतियागोचा, सव्वीस वर्षांचा,
आमच्या लोतात राहून समुद्राकडे पाठ करून बसतो.
त्यानं प्रत्येकीला एक वही दिली:
काय खाल्लं, किती वाजता,
भूक किती, एक ते दहा.

माझ्या वहीत दुसरीच कुणी एर्मिंदा राहते.
ती सकाळी सफरचंद खाते, दुपारी मसूर,
रात्री दहाला दिवा मालवते.
बरी बाई आहे. माझी तिची ओळख नाही.

मी दोनला उठते.
कुठली फळी कुरकुरते ते पावलांना पाठ आहे.
नवऱ्याचं घोरणं थांबलं की मीही थांबते
घास तोंडात धरून, चोरासारखी,
माझ्याच पैशांच्या पावासाठी.
मान्हारची बरणी, आटवलेल्या दुधाचं ते तपकिरी गोड,
तिच्यावर काळे अष्टकोन: साखर जास्त, उष्मांक जास्त.
सरकारनं बजावलंय मला. मी ते नखानं खरवडते.

पहिला चमचा जिभेला कळतो.
दुसरा, थोडासा.
तिसऱ्यानंतर कुणालाच काही कळत नाही
आणि मला तेच तर हवं असतं.
मग चमचा तळाला वाजतो
आणि आत कुणीतरी हिशेबाला बसतं:
उद्या फक्त चहा. उद्यापासून नक्की.
तो उद्या मी चाळीस वर्षं खात आलेय.

बास्तियान विचारतो, भूक केव्हा लागते?
भूक! पोरा, भुकेचं नि माझं केव्हाच मिटलं.
ही जी रात्री उठते ती भूक नाही,
ती कुणाची तरी वाट बघते.

माझा बाप समुद्राच्या तळाखाली कोळसा काढायचा.
पत्र्याच्या डब्यात एक पाव, मोडला की चार चतकोर होणारा.
तीन खायचा, चौथा माझ्यासाठी वर आणायचा.
दाताखाली कोळशाची कचकच,
वर समुद्र होता त्याच्या, एवढा मोठा,
आणि तरी पाव कोरडा!
चतकोर आला म्हणजे बाप आला.
याहून अवघड गणित मला कधी जमलं नाही.

मग एका मंगळवारी डबा एलेओदोरोनं आणला.
आईनं ॲप्रन तोंडात कोंबलेला, गल्ली सगळी दारात.
मी डबा उचलून चुलीमागे गेले.
आत चारही चतकोर.
नऊ वर्षांची होते. चारही खाल्ले,
भराभर, न रडता,
कुणी मागेल म्हणून
किंवा संपवले की तो येईल म्हणून, आता नीट आठवत नाही.
संध्याकाळी आईनं विचारलं, डब्यात काही होतं का गं?
म्हटलं, नाही.

आता खाणीत पर्यटक उतरतात, शिरस्त्राणं घालून, हसत.
डॉक्टर म्हणतात गुडघे, म्हणतात हृदय.
नणंद म्हणते तोंडाला कुलूप लाव.
बसमध्ये माझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरते.
आणि खरं सांगू, कधीकधी बरंही वाटतं:
एवढ्या बाईला कुणी सहज उचलून नेणार नाही.

काल रात्री ओट्याशी उभ्यानंच वही उघडली.
लिहिलं: दोन वाजून दहा मिनिटं. पाव. तीन चतकोर.
भूक, आणि पुढे आकडा सुचेना.
पेन्सिल खाली ठेवली.
चौथा ओट्यावर होता.

घोरणं थांबलं.
"कोण आहे?" आतून आवाज आला.
फळीवरचा पाय हलवला नाही,
घास गिळलाही नाही.
"मी," म्हटलं,
भरल्या तोंडानं, जसं येईल तसं.